उघडं टोपडं

अमृतलाल शेठच्या गोदामात पोत्यांची थप्पी चौदापर्यंत चढवायची रीत होती. दहाच्या वर थप्पी डुलते, हे शेलूबाजारातल्या सगळ्या हमालांना माहीत होतं. शेठलाही माहीत होतं. पण गोदाम वाढवायचं तर भिंत बांधावी लागते, आणि थप्पी वाढवायची तर नुसता हमाल लागतो. दिवाळीच्या चार दिवस आधी तेराव्या थरातलं उडदाचं पोतं घसरलं आणि लखीरामच्या डाव्या पायावर येऊन बसलं. नडगी मोडली. शेठनं त्याला जीपमध्ये घालून वाशिमला नेलं, प्लास्टर घालून आणलं, आणि पुढं महिनाभर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ती जीप सांगितली. थप्पी चौदाचीच राहिली.

लखीराम तांड्यावरचा. दिवाळी झाली की तांडा ऊसतोडीला निघायचा, तसा याही वर्षी निघाला. बायको भुरीबाई आपल्या भावाच्या, रतनसिंगच्या जोडीनं गेली. जावई सेवादास गेला, त्याचे आईबाप गेले. मागं राहिले म्हातारे, शेळ्या, पाय मोडलेला लखीराम आणि त्याची पोटुशी लेक रूपा.

रूपाला लखीरामनंच ठेवून घेतलं होतं. मागच्या वर्षी ती पोट घेऊन फडात गेली होती. पौषात, पाचटाच्या कोपीत बाळंत झाली. मुकादमाला सांगितलं, हिला गावी जाऊ दे. तो म्हणाला, जोडी मोडता येत नाही. जोडीला तिथं कोयता म्हणतात. माणसं दोन असतात, मोजतात एक कोयता. पोरगा झाला. आठव्या दिवशी सकाळी तो निळा पडलेला होता. लखीरामनं त्याला स्वतःचं धोतर फाडून गुंडाळलं होतं, चार पदरी. कुणी म्हणालं नजर, कुणी म्हणालं छातीत डब्बा झाला. नंतर तांड्यावर लस टोचायला आलेल्या नर्सबाईनं विचारलं, "डोक्यावर काय होतं त्याच्या?"

डोक्यावर काही नव्हतं.

"तान्ह्या लेकराची ऊब डोक्यातून जाते. लोकरीचं टोपडं पाहिजे," नर्सबाई म्हणाली आणि पुढच्या घरी गेली. तिला शंभर घरं होती. पण लखीरामच्या मनात ते डोकं उघडंच राहिलं. चार पदर धोतर त्यानं अंगाला गुंडाळलं होतं आणि डोकं तसंच सोडलं होतं.

पाय मोडल्यावर शेठनं त्याला फाटका बारदाना शिवायला बसवलं. तुरीचा हंगाम यायचा होता, पोती लागणार होती. इंद्रभान नावाचा हमाल शेठची बैलगाडी हाकायचा, तो सकाळी तांड्याच्या वाटेनं येताना लखीरामला गाडीत घालून आणायचा. मग लखीराम दिवसभर ओट्यावर, पाय लांब करून, सुतळी आणि दाभण घेऊन. हात त्याचा मुळातच दोराचा. अंबाडीचे दोर वळण्यात त्या पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नव्हता. त्याची सुतळी बाजारच्या सुतळीपेक्षा कडक असायची, कारण शिवायच्या आधी तो ती मांडीवर घेऊन वरून आणखी एक पीळ द्यायचा.

त्याच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, सामायिक, म्हणजे जैनांचं रोजचं ध्यान, आटोपलं की शेठची आई भंवरीबाई येऊन बसायची. सगळे तिला माजी म्हणत. डोळ्यांत मोतीबिंदू, केस पांढरे, आणि हातात दोन सुया. माजी बघत नव्हती, विणत होती. बोटं आपली चालत. पंधरा दिवस लखीरामनं ते नुसतं पाहिलं. सोळाव्या दिवशी म्हणाला,

"माजी, एक इचारू?"

"इचार."

"हे मले येईन का?"

माजीचे हात थांबले. मागं दारात सून कंचनबाई तांदूळ निवडत होती, तिचेही थांबले.

"तुले कायले पायजे?"

लखीरामनं सांगितलं. कोपी, धोतर, नर्सबाई, सगळं. कुठं रडवेला झाला नाही, पोती मोजून दाखवावी तसं सांगितलं. माजी ऐकून उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि बऱ्याच वेळानं एक तपकिरी स्वेटर घेऊन आली. कोपरावर विरलेला.

"हा शेठजीचा हाय. मोठ्या शेठजीचा." म्हणजे तिच्या नवऱ्याचा, दुलीचंद शेठचा. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"माजी, थो बाबूजीचा," कंचनबाई दारातून बोलली. "हमालाले द्याचा?"

"बाबूजीले आता थंडी वाजत नाई, कंचन."

"द्याचा तं मंदिरात द्या."

"मंदिरात कोनाची लेक बाळंत होऊन राह्यली?"

कंचनबाई तांदळात डोकं घालून बसली. पण सुया मात्र घराबाहेर जाता कामा नयेत, एवढं तिनं शेठकडून वदवून घेतलं. तांड्यावरची माणसं, काय सांगावं. लखीरामच्या बापाला इंग्रजाच्या राज्यात रोज चावडीवर हजेरी द्यावी लागत होती, काही न करता, नुसता तांड्यावर जन्मला म्हणून. इंग्रज गेला, हजेरी गेली, कंचनबाई राहिली. दुसऱ्या दिवशी लखीरामनं बांबूच्या दोन काड्या तासून आणल्या, काचेच्या तुकड्यानं घासलेल्या, जवसाचं तेल पाजलेल्या. माजीनं त्यांवरून बोट फिरवलं.

"माया सुईपेक्षा गुळगुळीत हाय," ती म्हणाली. दाराकडं तोंड करून म्हणाली.

आधी स्वेटर उसवायचा होता. माजीनं गळ्याजवळची गाठ शोधून दिली आणि लखीरामनं दोरा ओढला तसा तो अख्खा स्वेटर ओळीओळीनं मोकळा होत गेला. लखीराम बघतच राहिला. दोर उलगडला तर त्याची अंबाडी होत नाही, नुसता कचरा होतो. इथं माणसाच्या छातीएवढं कापड जाऊन पुन्हा दोरा झाला होता, एक केस कमी न होता. वाकडातिकडा, नागमोडी, पण दोरा. माजीनं तो पाण्यात भिजवून, वजनाचा दगड बांधून वाळवायला सांगितला.

मग फंदे. टाक्याला माजी फंदा म्हणायची. फंदा लखीरामला ओळखीचा होता. बैलाला, बादलीला, गाडीच्या जुवाला, जन्मभर तेच केलं होतं. किती घालायचे विचारलं तर माजी म्हणाली साठ. लखीरामला साठ येत नव्हते, विसाची कोडी येत होती. तीन कोडी घातल्या. माजीनं मापाला नारळ दिला, शेंडी काढलेला.

"तान्ह्या लेकराचं डोकं एवढंच असते. याच्यावर बसलं पायजे."

पहिल्या दिवशी एक ओळ झाली. सुई आत घाल, दोरा घे, बाहेर काढ, जुना फंदा सोड. ऐकायला चार गोष्टी. पण चार गोष्टी करताना जीभ बाहेर येत होती आणि कपाळावर घाम. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना न थकणारा माणूस वाटाण्याएवढ्या फंद्यानं थकला. दुसऱ्या दिवशी तीन कोड्यांचे बासष्ट झाले. तिसऱ्या दिवशी छप्पन्न. हमाल चहा प्यायला येत आणि उभ्यानं बघत.

"लखीराम, लुगडं कवा नेसतं?" इंद्रभाननं विचारलं.

"तुहं धोतर फाटलं की शिवाले मायाकडंच येतं तू. तवा नाई इचारलं."

"शिवनं येगळं, हे येगळं. हे बायकायचं हाय."

"मंग तुह्या बायकोले धाड उद्यापासून, पोती शिवाले. थे गड्यायचं असंन."

इंद्रभान हसला. बाकीचेही हसले. त्यात वाईट कुणी नव्हतं, पण हसणं रोज होतं, आणि रोजचं हसणं अंगावर घ्यायला पोत्यापेक्षा जड असतं. लखीराम मान खाली घालून विणत राहिला. त्याच्यापुढं नारळ होता.

आठ दिवसांत वीतभर पट्टी झाली. त्यानं ती कौतुकानं माजीच्या हातात दिली. माजीनं चिमटीत धरली, ताणून पाहिली. ताणली गेली नाही. नारळाला गुंडाळून पाहिली. दोन बोटं कमी पडली, आणि वरून पट्टी एका अंगाला तिरपी गेलेली.

"लखीराम, हे तं सुतळी झाली."

"घट्ट हाय माजी. वर्सं जाईन पन फाटनार नाई."

"लोकरीले पीळ देऊन राह्यला का तू?"

लखीरामनं हाताकडं पाहिलं. देत होता. फंदा घ्यायच्या आधी बोटं आपोआप दोरा मांडीवर टेकवून वळत होती, आणि सुईही फंद्यात मागून जात होती, म्हणजे फंदाही पिळला जात होता. आठ दिवस, एकेक फंदा. त्याला पत्ताच नव्हता.

"सवय हाय. पीळ नसला तं दोर टिकत नाई."

"लेकराच्या डोक्याले दोर बांदाचा हाय का तुले? गादीतला कापूस दबला की काय होते?"

"थंड पडते."

"मंग? ढिलं असलं तं ऊब थांबते. हे घालशीन तं पोट्टं आरडंन नुसतं. उसव."

"सगळं?"

"सगळं."

लखीरामच्या तोंडाला कडू आलं. आठ दिवसांचं हसणं त्या पट्टीत होतं. तो पोती शिवायला लागला, दुपारभर शिवत राहिला, आणि दाभण एवढी जोरात खुपसत होता की एकदा अंगठ्यात गेली. मग त्यानं अंगठा चोखला, पट्टी घेतली आणि सुई काढून दोरा ओढला. पट्टी सरसर गेली. दोरा तेवढाच्या तेवढा हातात आला. चुकलं तर पहिल्यापासून करता येतं, असं दुसरं काही त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. फडात तर नाहीच.

पीळ न देणं हे शिकण्यापेक्षा अवघड निघालं. हात वळायला गेला की माजी, न बघता, नुसत्या आवाजावरून ओळखायची. "वळलं पाह्य. सोड." त्यानं शेवटी उजव्या मांडीवर पोतं घडी करून ठेवलं, म्हणजे बोटांना मांडी सापडू नये. पोत्याच्या खरखरीवर लोकर घासायला बोटं तयार होईनात. चार दिवसांनी पोतं काढलं तरी चाललं. पाचव्या दिवशी पट्टी नारळाला गुंडाळली ती बरोबर बसली, आणि सोडली तर पुन्हा मिटली, गाईच्या कानासारखी मऊ.

या सगळ्याचा तांड्यावर बोभाटा झाला तो वेगळाच. गोमतीबाई म्हणजे लखीरामच्या मेलेल्या थोरल्या भावाची बायको. तो तिला भोजाई म्हणायचा. तांड्यावरची सगळी बाळंतपणं तिच्या हातची. तांड्यावर बोलतात ती गोरमाटी. इथं ते वऱ्हाडीत लिहिलं आहे, कारण वाचणाऱ्यांनी गोरमाटी शिकायची तसदी कधी घेतली नाही. गोमतीबाईनं काड्यांवरची ती पट्टी पाहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"हे काय करून राह्यला?"

"टोपडं."

"लेकरू पोटात अन् टोपडं बाहेर? जन्माच्या आधी कोनी कपडा करते का? एक गेलं थे पुरलं नाई तुले?"

झोपडीच्या आतून रूपा ऐकत होती.

गोमतीबाई दुष्ट नव्हती. पोट रिकामं होईपर्यंत पाळणा बांधायचा नाही, कपडा शिवायचा नाही, नाव काढायचं नाही. एवढ्या एका कुंपणावर तिनं तीस वर्षं बाळंतपणं केली होती. कुंपण असून निम्मी जगली होती. दवाखाना चार कोसांवर आणि कुंपण हाताशी, तर माणूस काय धरील? ज्यांनी दवाखाना चार कोसांवर ठेवला त्यांनी तिला अडाणी म्हणू नये.

"बापू, राहू द्या," रूपा त्या संध्याकाळी म्हणाली. "मोठी माय म्हनते तं."

"तुले पायजे का नको?"

रूपानं पोटावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "पायजे. पन भेव लागते."

दुसऱ्या दिवशी लखीरामनं माजीला सांगितलं. त्याला वाटलं, ही हसेल. माजी हसली नाही.

"आमच्यातबी हायच थे," ती म्हणाली. "माये पाच झाले. एकाचाबी कपडा आधी नाई केला." सुया थोडा वेळ चालत राहिल्या. "असं कर. जुनीच लोकर हाय, म्हंजे नवा कपडा नाई. अन् डोकं बंद करू नको. फंदे काडीवरच राहू दे. वरून उघडं हाय तवर थे टोपडं नाई, नुसती पट्टी हाय. लेकरू झालं की निरोप धाड, मी बंद करून देईन. पाच मिन्टाचं काम."

"कसं करतेत बंद?"

"तवा दाखवीन. आताच शिकला तं हात शिवशिवंन तुहा."

गोमतीबाईला हे सांगितलं तेव्हा तिनं पट्टी हातात घेतली, वर काडीवर रांगेनं बसलेले फंदे एकेक करून पाहिले.

"उघडं हाय," ती शेवटी म्हणाली. "उघडं असंन तं चालते."

पट्टी पुरी झाली. प्लास्टर निघालं. लखीराम काठी टेकत चालायला लागला, पण बारदाना शिवायलाच जात होता, कारण पाठीवर पोतं घ्यायचा पाय राहिला नव्हता. काड्यांवरची पट्टी तो एका स्वच्छ फडक्यात बांधून बरोबर न्यायचा, बरोबर आणायचा. रूपाचे दिवस पौष अर्धा झाल्यावर भरणार होते. पौषाच्या तोंडावर माजी घरच्यांबरोबर शिरपूरला गेली, पार्श्वनाथांच्या जन्माच्या उत्सवाला. तीन दिवसांत येते म्हणाली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी उन्हं कोवळी असतानाच रूपाला कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस आधी. रात्री दव पडून कुडाची माती ओली झाली होती, शेळ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. गोमतीबाई आत गेली आणि तिनं दारावर गोधडी सोडली. लखीराम बाहेर, दगडावर. इंद्रभान गाडी घेऊन आला.

"चाल."

"नाई आज. माजी आली का पाह्य, आली असंन तं सांग तिले."

"माजी परवा येते. शेठबी तिकडंच हाय."

इंद्रभाननं आतला आवाज ऐकला, लखीरामच्या मांडीवरचं फडकं पाहिलं. त्यानं बैल सोडले, गाडीला बांधले आणि शेजारी येऊन बसला. बिडी काढली, पेटवली नाही.

ऊन माथ्याकडं सरकायच्या आत आतून रडणं आलं. बारीक, मांजरीच्या पिलासारखं. मागच्या वर्षीही असंच होतं, लखीरामला आठवलं. मग गोमतीबाईचा आवाज आला.

"लेक हाय. बारकी हाय लय. लखीराम, आन तुहं थे."

लखीरामनं फडकं सोडलं. काडीवर तीन कोडी फंदे, एकापुढं एक, तोंडं उघडी. सुई काढली तर सगळे सुटणार. एक सुटला की खालचा, मग त्याच्या खालचा. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं. माजीनं बंद कसं करायचं ते सांगितलं नव्हतं. त्यानं काडीची दोन्ही टोकं मुठींत धरली.

"काय झालं?" इंद्रभाननं विचारलं.

"बंद कराचं येत नाई."

"लखीराम," आतून पुन्हा. "डोकं थंड पडून राह्यलं इचं."

इंद्रभान त्या फंद्यांकडं बघत होता. तो विणकर नव्हता, शहाणा नव्हता, हमाल होता. म्हणाला, "पोत्याचं तोंड असतं तं काय केलं असतं?"

लखीरामनं त्याच्याकडं पाहिलं. अर्धं भरलेलं पोतं असलं की त्याचं तोंड आडवं शिवत नाहीत. दाभणीत सुतळी ओवून काठाकाठानं फिरवून आणतात आणि आवळतात. तोंड मुठीसारखं मिटतं. हे त्यानं किती हजार वेळा केलं असेल.

दाभण पागोट्यात खोचलेली होती. त्यानं लोकरीचं टोक हातभर सोडून तोडलं, थुंकी लावून दाभणीत ओवलं. मग काडीवरचा एकेक फंदा दाभणीवर घेत, काडी मागं सारत गेला. एक कोडी. एकही फंदा सुटला नाही. सुया नव्या होत्या, दाभण जुनी होती. दोन कोडी. इंद्रभान मान पुढं करून बघत होता. तिसरी कोडी संपली आणि काडी मोकळी हातात आली. लखीरामनं दोरा ओढला. वरचं तोंड सावकाश मिटलं, आणि मध्ये बटणाएवढी गुठळी झाली. त्यानं पोत्याची गाठ मारली, दुहेरी, जी ओढली तर आणखी बसते. बाजूची शिवण तर त्याच्या घरचीच. वरून खाली टाके घालत आला, पण आवळले नाहीत. हात एकदा मांडीकडं वळला, पीळ द्यायला. त्यानं तो परत आणला.

"घे भोजाई."

गोधडीच्या फटीतून सुरकुतलेला हात आला आणि टोपडं घेऊन गेला. दोघं बाहेर बसून राहिले. इंद्रभाननं आता बिडी पेटवली.

"बसलं का?" लखीरामनं विचारलं.

"बसलं," गोमतीबाई आतून म्हणाली. "कान झाकले."

त्यानंतरचे दिवस लखीराम दुकानात गेला नाही. सकाळी उठला की पहिल्यांदा आत डोकावायचा. पाचवा दिवस गेला. सातवा गेला. आठव्या दिवशी तो भाकरीला शिवला नाही. दारातच बसून राहिला, उन्हाचा पट्टा आत जाईल तसा स्वतः सरकत. रूपाही लेकीला छातीवरून खाली ठेवत नव्हती. दोघांपैकी कुणी दिवस मोजल्याचं बोललं नाही.

नवव्या दिवशी सकाळी रूपानं हाक मारली. "बापू, इकडं या."

लखीराम काठी विसरून आत गेला.

"टोपड्याखाली हात घाला."

त्यानं दोन बोटं घातली. जावळ ओलं होतं. गरम.

"घाम आला तिले," रूपा म्हणाली. "काढू का थोड्या वेळ?"

"राहू दे," लखीराम म्हणाला. मग म्हणाला, "काढ जरासं. पुसून पुन्ना घाल."

दुपारी तो इंद्रभानच्या गाडीतून दुकानावर गेला. ओट्याच्या टोकाला माजी बसली होती. काठीच्या आवाजावरून ओळखलं तिनं.

"लेक झाली म्हंते इंद्रभान. बरी हाय?"

"बरी हाय. दूध ओढते."

"मी नवती, अन् बंद केलं म्हने तू. कसं केलं? आन इकडं, पाहू दे."

"नाई आनता येत माजी," लखीराम बारदान्याच्या ढिगाशेजारी बसत म्हणाला. "डोक्यावर हाय थे."

माजीनं मान हलवली. दारात कंचनबाई उभी होती. ती आत गेली आणि येताना तिच्या हातात लोकरीचा उरलेला गुंडा होता, दुलीचंद शेठच्या बाह्यांचा. तिनं तो लखीरामच्या हातात दिला नाही, सासूच्या मांडीवर ठेवला. तेवढंच तिच्याच्यानं होत होतं.

"एका टोपड्यानं हिवाळा निगत नाई," माजी म्हणाली. "धुवाले टाकलं तं काय घालशीन? काड्या आनल्या का?"

लखीरामनं पागोट्यातून काड्या काढल्या आणि पहिल्या कोडीचे फंदे घालायला सुरुवात केली.